कर्जांत गेलेला गड

स्कॉटलंडच्या पश्चिमेस मल् नांवाचें एक मोठें बेट आहे. मुख्य भूमीवरील ओबन बंदरांतून निघालेली आगबोट त्या बेटाजवळ येऊं लागली, कीं डाव्या अंगास समुद्रांत घुसलेल्या खडकाळ टोकावर एक जुना गड दिसूं लागतो. त्याचें नांव डुआर्ट. तेथील गेलिक भाषेंत या शब्दाचा अर्थच मुळीं 'काळें टोक' असा आहे. मॅक्लीन कुळाचें हें मूळ ठिकाण. त्याच्या तटाबुरुजांचें वर्णन करण्याचा आज आमचा हेतु नाहीं. हा गड त्या कुळाच्या हातून गेला तो तोफांपेक्षां कर्जरोख्यांमुळें अधिक. आणि म्हणूनच ती हकीकत घरसंसार चालविणाऱ्या वाचकांनीं ऐकण्याजोगी आहे.

'क्लॅन' या गेलिक शब्दाचा मूळ अर्थ 'संतति' असा आहे, आणि 'मॅक्' म्हणजे पुत्र. रघूच्या वंशांतला तो राघव, तसा गिलीनच्या वंशांतला तो मॅक्लीन. हा गिलीन तेराव्या शतकांतला एक परशुधारी योद्धा होता. त्याचें नांव लावणारे लोक, मग ते गडावर राहोत कीं झोंपडींत, स्वतःस एकाच घरचे समजत, आणि कुळाच्या नायकास घरांतील कर्त्या पुरुषाचा मान देत.

गड या घराण्याकडे आला तो लग्नसंबंधानें. १३६७ सालीं लॅक्लन मॅक्लीन यानें पश्चिम बेटांच्या अधिपतीची कन्या मेरी मॅक्डोनल्ड हिच्याशीं विवाह केला. पुढें १३९० च्या सनदेनें डुआर्टवरील त्याचा हक्क कायम झाला.

शेजारच्या कॅम्बेल कुळाशीं मात्र या घराण्याचें सख्य टिकलें नाहीं. गडासमोर समुद्रांत एक खडक आहे; भरतीच्या वेळीं तो पाण्याखालीं जातो. त्यास 'लेडीज् रॉक', म्हणजे बाईसाहेबांचा खडक, म्हणतात. परंपरागत कथा अशी, कीं दुसऱ्या एका लॅक्लन नायकानें कॅम्बेलांच्या घरची आपली पत्नी नकोशी झाली म्हणून तिला ओहोटीच्या वेळीं त्या खडकावर सोडून दिलें. कोळ्यांनीं तिला वांचविलें व ती माहेरीं पोंचली. कथेचा तपशील कसाही असो, १५२३ सालीं एडिंबरो येथें तिच्या भावानें लॅक्लनचा वध केला, हें इतिहासांत नमूद आहे.

सतराव्या शतकांत राजा व पार्लमेंट यांच्यांत युद्ध जुंपलें. मॅक्लीन राजाच्या पक्षाचे. २० जुलै १६५१ रोजीं इन्व्हरकीदिंगच्या लढाईंत त्यांचा नायक सर हेक्टर पडला. त्याला वांचविण्यासाठीं 'हेक्टरकरितां आणखी एक!' असें ओरडत एकामागून एक आप्त पुढें झाले व मेले, असें सांगतात. अशी निष्ठा कोणासही पूज्य वाटेल. परंतु प्राण दिल्यानें देणें फिटत नाहीं. घराण्यावर कर्जाचा बोजा होता, आणि हेक्टरच्या मागें नायक झालेला त्याचा भाऊ ॲलन अज्ञान होता. इकडे कॅम्बेलांचे नायक, आर्गाइलचे अधिपति, यांनीं मॅक्लीनांच्या धनकोंकडून कर्जाचीं खतें विकत घेतलीं. तलवारीचा शत्रु आतां सावकार झाला!

१६७४ सालीं ॲलन वारला. त्याचा मुलगा जॉन, तोही अज्ञान. आर्गाइलनें कायद्याचा आधार घेऊन मल् बेटावर सैन्य उतरविलें. पुढें १६८५ सालीं राजद्रोहाबद्दल त्या आर्गाइलचाच शिरच्छेद झाला. पण धनको मेला म्हणून खत मरत नाहीं. जॉन मोठा होऊन १६८९ च्या किलिक्रॅंकीच्या लढाईंत पुन्हां पदच्युत राजाकडून लढला, आणि १६९१ सालीं त्यास गड मयत आर्गाइलच्या मुलाच्या स्वाधीन करावा लागला. नंतर तेथें सरकारी शिबंदी राहिली. १७५१ सालीं तीही उठली. मग छप्पर गेलें, भिंती ढांसळल्या.

तो भग्न गड १९११ सालीं सर फिट्झरॉय मॅक्लीन या सव्विसाव्या नायकांनीं परत मिळविला. ते तेव्हां ७६ वर्षांचे होते. पूर्वजांचा म्हणून कोणीं तो त्यांस दिला नाहीं. इतर कोणाही गिऱ्हाइकाप्रमाणें त्यांनीं तो विकत घेतला. त्यांनीं त्याची दुरुस्ती करविली, आणि १९१२ च्या ऑगस्टांत देशोदेशींच्या मॅक्लीनांसमक्ष तेथें पुन्हां वास्तव्य सुरू झालें. सर फिट्झरॉय १९३६ सालीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं वारले.

मात्र या आनंदास एक उणीव होती. एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं मेंढ्यांच्या कुरणांसाठीं शेतकरी उठविले, आणि त्या बेटावरील कित्येक कुटुंबें समुद्रापार गेलीं. गड परत आला. झोंपड्यांतून गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. 'संतति' हा क्लॅन शब्दाचा अर्थ ज्यांनीं प्राण देऊन खरा केला, त्यांच्याच वंशजांचीं घरें कोणी सोडवून घेतलीं नाहींत.

ऋण, अग्नि व शत्रु यांचा शेष ठेवूं नये, असें आपले नीतिकार सांगतात. मॅक्लीनांनीं ऋणाचा शेष ठेवला आणि शत्रूचाही. दोन्ही शेष एका हातीं जातांच घर गेलें. घराण्याचा पराक्रम मुलांस सर्वच वडील सांगतात. घरावरील देणेंही त्यांनीं तितक्याच मोकळेपणानें सांगावें. देण्याघेण्याची यादी स्वहस्तें लिहून ती घरांतील वडील स्त्रीस व जाणत्या मुलांस दाखवून ठेवावी. अज्ञान वारसाच्या हातीं एके दिवशीं किल्ल्या यावयाच्याच असतात. पेटींत काय आहे, हें त्यास परक्याच्या तोंडून कळूं नये.