सुरीची आठवण आदल्या रात्री

बकरी ईद जवळ आली की आमच्या नंदुरबारात बकऱ्याचे दात, वजन, किंमत यांवर तासन्‌तास चर्चा होते. सुरी मात्र आठवते आदल्या रात्री. मग धारवाल्याकडे गर्दी. तोही घाईत कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत पातं धरतो. धार दिसते झकास, पण पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलंच.

शहाणपणा म्हणून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी माझीच सुरी अडली होती.

सुरी पाजळून घ्या, जनावराला आराम द्या, ही नबींची (स.) ताकीद 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. तरी आपण तिला कसायाचं काम समजतो! माझ्या मते हे कुर्बानी देणाऱ्याचंच काम. पातं साध्या कार्बन पोलादाचं असलं तरी चालेल, फक्त ते गंजतं. धुऊन, कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायचा. जबहच्या सुरीने हाडं तोडायची नाहीत, त्याला सत्तूर आहे. आठवडाभर आधी ओल्या दगडावर सावकाश घासायची आणि कागद कापून बघायचा. हे सगळं बकऱ्याच्या नजरेआड, मागच्या परसात.