खेळाच्या तासाला बाद कोण होतं?



मुलांच्या शाळेबद्दल आपण माध्यम, गुण, शिकवणी असं सगळं बोलतो. खेळाच्या तासाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून आज लिहितो.

डिचोली तालुक्यातलं सुर्ला माझा गाव. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांत शिकलेली आमची पिढी. "आम्हाला कुठे कोणी खेळ शिकवला?" असं आमचे दोस्त विचारतात. अहो, शिकवला की! वाड्यावरच्या थोरल्या पोरांनी शिकवला. आता संध्याकाळी वाड्यावर पोरंच दिसत नाहीत. तेव्हा ते काम शाळेनेच करायला हवं.

चेंडू देऊन मोकळं सोडणं म्हणजे शिकवणं नव्हे. साधा हिशेब करा: तीस मुलं, तीस मिनिटं, चेंडू एक. सारखी वाटणी झाली तरी प्रत्येकाला एकच मिनिट. आणि वाटणी सारखी होत नाहीच. चार चपळ पोरं सगळी मिनिटं खातात, बाकीची उभी राहतात.

लंगडीचंही तेच. सर्वात हळू पोर आधी बाद होतं आणि झाडाखाली जाऊन बसतं. म्हणजे ज्याला धावण्याची जास्त गरज, तेच कमी धावतं! त्यापेक्षा विषामृत बघा. 'विष' मिळालेल्याला दुसऱ्याने 'अमृत' देऊन सोडवायचं. कोणी कायमचा बाहेर नाही. लंगडीतही बाद झालेल्याने कडेला दहा उड्या मारून परत आत यावं, असा नियम गुरुजींनी केला तर काय बिघडलं?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आपण सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. पण खो-खोला नऊ-नऊ गडी लागतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी सरकारी शाळांत चारही इयत्ता मिळून तेवढी मुलं भरत नाहीत. मग पाटी छोटी करा, चौघांना बसवा. आधी पळता पळता थांबणं, वळणं, हुलकावणी देणं शिकवा. नियम मागाहून येतील.

पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढंच विचारा: बाई, आमचं पोर खेळाच्या तासाला किती मिनिटं धावलं?

तुमच्या शाळेत काय चालतं, खाली जरूर लिहा.