नौका आणि पूर

कोणी हावरटपणा केला की आपण त्याला 'गिधाड' म्हणतो. हा त्या पक्ष्यावर अन्याय आहे. गिधाड मेलेले जनावर खाऊन गावाची सफाई करते. सफाईला आपल्या दीनमध्ये किती महत्त्व आहे, हे आम्ही सांगायला नको. अल्लाहने ज्याच्याकडे हे काम सोपवले, त्यालाच आपण जवळजवळ संपवले.

तेही बंदुकीने नव्हे, औषधाने. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले जाई. असे जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची किडनी निकामी होई. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात जेमतेम एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

उरलेली जात वाचवण्यासाठी हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांच्या जोड्या पिंजऱ्यात वाढवल्या जातात. काम धिमे आहे. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. तिथली दहा गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या जंगलात, बोटेझरी येथे आणली गेली. त्यांना आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून जंगलाची सवय लावण्यात आली. शेजारच्या गडचिरोलीत वन विभाग रानातल्या गिधाडांसाठी ठरलेल्या जागी मेलेली जनावरे ठेवत आला आहे.

हे वाचताना आम्हाला हजरत नूह (अलै.) यांची नौका आठवते. अल्लाहच्या हुकुमाने त्यांनी प्राण्यांच्या जोड्या तिच्यात घेतल्या होत्या. पिंजोरचे पिंजरे हीसुद्धा एक छोटी नौकाच. पण पूर ओसरल्याशिवाय नौकेतून उतरता येत नाही. इथे पूर आपणच आणला आहे. गिधाडांना घातक म्हणून अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही २०२३ मध्ये बंदी घालावी लागली.

आपल्यात गुरे-बकऱ्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. जनावर आजारी पडले तर पशुवैद्याला मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांचे दुखण्याचे इंजेक्शन जनावराला देऊ नका. दुसरे औषध दिलेले जनावर मेले, तर खोल पुरा. कुत्र्यांसाठी मढ्यात विष कधीच घालू नका.

नौका बांधणारे आपले काम करत आहेत. पूर ओसरवणे आपल्या गोठ्यातून सुरू होते.