तरुण कबड्डीपटूंची पारख कोणासाठी?

प्रो कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला की वाचकांचे लक्ष साहजिकच सर्वांत मोठ्या आकड्याकडे जाते. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पाटण्याच्या संघाने राकेश कुमार याच्यासाठी लावलेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वोच्च ठरली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत झालेल्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. नऊ वर्षांत ही वीसपट वाढ झाली. ज्या खेळाला शहरी प्रतिष्ठितांनी दीर्घकाळ गावठी म्हणून हिणवले, त्या खेळात घाम गाळणाऱ्यांच्या हाती पैसा येतो आहे, याचा आनंद श्रमाची कदर असणाऱ्या कोणालाही झालाच पाहिजे. परंतु लिलाव हा या व्यवहाराचा शेवटचा अंक होय. त्यापूर्वी कित्येक महिने सतरा-अठरा-वीस वर्षांच्या मुलांची जी पारख चालते, तिची चर्चा मात्र फारशी होत नाही. ही पारख कशी होते, तिचा लाभ कोणाला होतो आणि ती चुकल्यास भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न क्रीडापानापुरते नाहीत. ते अर्थव्यवहाराचे आणि न्यायाचेही प्रश्न आहेत.

जुईनगरसारख्या वस्तीत हे प्रश्न विशेष स्पष्ट दिसतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत या पट्ट्यातील भातखाचरे व मिठागरे नव्या शहराखाली गेली. शिरवणे, सानपाडा, नेरूळ ही मूळची आगरी-कोळी गावे आज इमारतींच्या मधोमध उभी आहेत. शेती गेली तरी या गावांतून कबड्डी गेली नाही. मंडळाचे मैदान, संध्याकाळचा सराव, उन्हाळ्यातील रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा हा येथील सामाजिक जीवनाचा भाग आहे. हार्बर आणि ट्रान्स-हार्बर हे दोन्ही लोहमार्ग जुईनगरला भेटतात, आणि तेथून थोड्याच अंतरावर नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. आयपीएलचा पहिला अंतिम सामना १ जून २००८ रोजी याच मैदानावर झाला, आणि भारताच्या महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी एकदिवसीय विश्वचषक जिंकला तोही येथेच. खेळातून आयुष्य पालटते, याचा पुरावा या परिसरातील मुलांच्या डोळ्यांसमोर दिव्यांच्या झगमगाटात उभा असतो. तेव्हा येथील एखादा चढाईपटू निवड चाचणीची बातमी ऐकून लोकल पकडतो, यात नवल ते काय?

चाचणीच्या ठिकाणी त्याचे काय पाहिले जाते? उंची, वजन, धावण्याचा वेग, उडी ही मापे घेणे सोपे. खरी कठीण गोष्ट म्हणजे खेळाची समज मोजणे. चढाईला वेळ तीस सेकंदांचा. त्या अवधीत चढाईपटू कोणत्या कोपऱ्याला गुंतवतो, बोनस रेषेकडे पाय टाकताना तोल कसा राखतो, मध्यरेषेकडे परतताना साखळी कोठून येणार हे त्याला आधी कळते की नाही, हे जाणकाराच्या नजरेलाच दिसते. बचावपटूच्या बाबतीत तर संयम हाच मोठा गुण. डाव्या कोपऱ्यावरचा खेळाडू घोट्याला हात घालण्याची घाई करतो, की शेजाऱ्याची हालचाल पाहून थांबतो, यावर संघाचा निकाल ठरतो. दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे भाग असते. त्या दडपणाखालची चढाई आणि समोर दोघेच बचावपटू उरले असतानाची चढाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गुणपत्रिकेत मात्र दोन्हींचा गुण सारखाच लागतो.

नुसत्या आकड्यांवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळवलेले पंधरा गुण तुल्यबळ संघाविरुद्धच्या सहा गुणांहून श्रेष्ठ नसतात. मातीवर वाढलेला मुलगा प्रथमच मॅटवर उतरला, तर त्याच्या पायांचा अंदाज चुकणारच. त्याउलट शहरातील सुसज्ज केंद्रात वाढलेला मुलगा पहिल्या दिवशी सरस भासतो. त्यात वयाचा आणि वजनाचा प्रश्न येतो. सोळाव्या वर्षी ज्याचे शरीर भरले, तो आपल्या वयोगटात भारी पडतो. दोन वर्षांनी इतरांची वाढ पूर्ण झाली की त्याचे हे आधिक्य संपते. वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेआधी उपाशी राहणारी मुले या खेळात नवी नाहीत. अशा अर्धपोटी शरीराची चाचणी घेऊन त्याच्या भवितव्याचा निर्वाळा देणे कितपत शास्त्रीय?

पारखीच्या या मर्यादा ऑस्ट्रेलियातील अनुभवानेही सिद्ध झाल्या आहेत. तेथील ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये १९८६ पासून नवोदितांची वाटणी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते. वर्षभराच्या क्रमवारीत जो संघ तळाशी राहिला, त्याला निवडीचा पहिला अधिकार, मग त्याच्या वरच्या संघाला, असा तो क्रम असतो. ड्राफ्टपूर्वी वीस मीटरची धाव, उभी उडी, दोन किलोमीटरची दौड अशा चाचण्या होतात आणि त्यांचे निकाल प्रसिद्ध केले जातात. याच ड्राफ्ट पद्धतीत १९९० साली जेम्स हर्ड या तरुणाचे नाव ७९ व्या क्रमांकावर पुकारले गेले. त्याआधी ७८ वेळा जाणकारांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती. त्याच हर्डने १९९६ साली त्या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान असलेले ब्राऊनलो पदक संयुक्तपणे पटकावले. आपल्याकडे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा नवोदित म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली त्या संघाने प्रथम विजेतेपद मिळवले. कोट्यवधींच्या बोलीची हाक ज्याच्या नावाने कधी दिली गेली नव्हती, त्याने कोट्यवधींच्या खेळाडूंवर मात करणारा संघ उभा केला. तात्पर्य, तरुणाची पारख हा अंदाज असतो, निवाडा नव्हे.

आता या अंदाजाचे अर्थशास्त्र पाहू. लिलावातील खेळाडूंची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि अलीकडच्या लिलावांत त्यांची पायाभूत किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ व ९ लाख रुपये राहिली आहे. प्रत्येक संघाच्या खर्चाला पाच कोटींची मर्यादा. पवन सेहरावतची एकच बोली त्या पाच कोटींच्या निम्म्याहून अधिक होती. म्हणजे शिखर जितके उंचावते, तितका पायथ्याशी असलेल्यांचा वाटा आक्रसतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘न्यू यंग प्लेअर’ या सदराखालील नवोदितांना संघ लिलावाबाहेर थेट करारबद्ध करतात, आणि पुढील हंगामात त्यांना आपल्याकडेच राखून ठेवण्याची तरतूदही नियमांत आहे. बाजारपेठेचा जयघोष करणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्याच्यासाठी चार जणांनी चढाओढीने बोली लावावी, असा तरुण बोलीच्या ठिकाणी पोचतच नाही. विकत घेणारा एक आणि विकणारे हजार, अशा स्थितीत श्रमाचा दर कोणाच्या सोयीने ठरतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

ऑस्ट्रेलियाची पद्धतही निर्दोष नाही. तेथे अठरा वर्षांच्या मुलाला आपला संघ निवडता येत नाही, आणि मेलबर्नच्या घरातून उचलून त्याला हजारो किलोमीटर दूर पर्थला धाडले जाऊ शकते. परंतु तेथे खेळाडूंची संघटना १९७३ पासून अस्तित्वात आहे. नवोदिताचे वेतन, कराराची मुदत, दुखापतीनंतरचे हक्क या बाबी सामूहिक वाटाघाटीने ठरतात. २०२३ च्या करारात तर पुरुष व महिला या दोन्ही खेळाडूंचा एकत्रित समावेश झाला. आपल्याकडे लिलावाच्या टेबलापाशी संघमालक असतात, त्यांचे सल्लागार असतात, वाहिन्या असतात. खेळाडूंच्या बाजूने बोलणारे कोणी तेथे दिसत नाही.

दुसरा प्रश्न घडणीच्या खर्चाचा. वीस वर्षांचा कबड्डीपटू आकाशातून पडत नाही. मंडळाच्या मैदानावर विनामोबदला शिट्टी फुंकणारा जुना खेळाडू, शाळेतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, वर्गणी काढून मॅट घेणारे गावकरी, घरखर्चातून दूध-अंड्यांचे पैसे बाजूला काढणारी आई, या सर्वांची आठ-दहा वर्षांची गुंतवणूक त्याच्या शरीरात असते. तिचा हिशेब कोठेच मांडला जात नाही. घडण समाजाने करायची आणि फळ खाजगी मालकाने चाखायचे, असा हा व्यवहार आहे. जागतिक फुटबॉलमध्ये निदान याची काही जाण ठेवली गेली आहे. फिफाच्या नियमानुसार करारबद्ध खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे जाताना जी रक्कम दिली जाते, तिच्या पाच टक्के रक्कम १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. भांडवलशाही देशांतील अतिश्रीमंत क्लबांना जे मान्य होते, ते आपल्याकडील संघमालकांना जड का वाटावे?

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न ज्यांची निवड होत नाही, अथवा होऊनही पहिल्याच हंगामात ज्यांचा गुडघा कायमचा दुखावतो, त्यांचा. पूर्वी या मुलांना एक आधार होता. गिरणगावातील मंडळांत घडलेल्या खेळाडूला गिरणीत, बंदरात, रेल्वेत, पोलीस दलात वा सार्वजनिक उद्योगात नोकरी मिळे. पगार मोठा नसे. पण खेळ संपल्यावरही तो चालू राही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटत गेला. कबड्डीचा नावाजलेला संघ बाळगणारी एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खाजगी मालकीची झाली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत खऱ्या. परंतु भरतीच आटली तर राखीव जागांचे मोल किती? शाश्वत नोकरीचा रस्ता अरुंद होत असताना लिलावाचा रस्ता मात्र रुंद व चकचकीत दिसतो, आणि मुले दहावी-बारावीचा अभ्यास बाजूला सारून त्याच्यावर धावतात. मुलींना तर तोही रस्ता नाही. भारताच्या महिला संघाने २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली कबड्डीचा विश्वचषक जिंकला. प्रो कबड्डीने मात्र त्यांच्यासाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा तेवढी भरवली होती.

लीग नसती तर या मुलांना हेही मिळाले नसते, असे उत्तर यावर दिले जाते. ते खोटे नाही. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, ही गोष्ट त्या डोंगराळ भागातील मुलांना बळ देणारीच होती. लीग बंद करा, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु गिरण्यांनीही रोजगार दिला होता. म्हणून कामाचे तास, भरपाई आणि संघटना यांची मागणी करणे चूक ठरले काय? ज्या उद्योगात पैसा आला आहे, त्याच उद्योगाला नियमांत बांधता येते.

ते नियम फार अवघड नाहीत. निवड चाचणीत घेतलेली मापे आणि जाणकारांचा अभिप्राय प्रत्येक उमेदवाराला लेखी मिळावा. त्याचे शरीर तपासून मिळवलेली माहिती केवळ खरीददाराच्या दप्तरी राहू नये. नवोदितांच्या कराराचे किमान वेतन, मुदत आणि राखून ठेवण्याच्या अटी जाहीर असाव्यात. दुखापतीच्या काळातील उपचार व वेतन यांची हमी, तसेच शिक्षणाचा खर्च, हे कराराचेच भाग असावेत. प्रत्येक बोलीचा आणि प्रत्येक थेट कराराचा पाच टक्के हिस्सा खेळाडूला घडवणाऱ्या मंडळाकडे व शाळेकडे जावा, आणि तो मैदान, मॅट व प्रशिक्षणावरच खर्च व्हावा. खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देऊन तिच्याशी वाटाघाटी करण्याचे बंधन लीगवर असावे. राज्य शासनाने आणि महानगरपालिकांनी आपली मैदाने व सभागृहे अशा स्पर्धांना देताना याच अटी घातल्या, तर सुरुवात करण्यास नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

जुईनगरहून चाचणीसाठी गेलेला मुलगा निवडला जाईल की नाही, हे त्याच्या खेळावर आणि थोडे दैवावर अवलंबून राहील. परंतु आपल्यात काय कमी पडले, पुढे काय करावे आणि जायबंदी झाल्यास आपल्यामागे कोण उभे आहे, हे न कळता त्याने घरी परतावे, हे दैवावर सोडण्याचे कारण नाही. ती जबाबदारी त्याची पारख करणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांच्यावर टाकण्याचे काम खेळावर प्रेम करणाऱ्या मंडळांनी व कार्यकर्त्यांनी पुढच्या लिलावापूर्वीच हाती घेतले पाहिजे.