'आपला ब्राउझर सपोर्टेड नाही' म्हणे!

गेल्या शनिवारी जुन्या सांगवीत बिल्डिंगखाली गाडी पुसत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. "अरे, तुझं ते चित्र काही दिसत नाही बघ. इंग्रजीत काहीतरी बोंबलतंय."

काकांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या गिऱ्हाइकांकडून जॉबची थ्रीडी मॉडेलं येतात आणि नुसती ती बघायला महागडं कॅड सॉफ्टवेअर घेणं काही परवडत नाही. म्हणून मी हौसेने एक पान करून दिलं होतं, ब्राउझरमध्येच जॉब फिरवून बघता येईल असं. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालत होतं. (इथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती!)

भोसरीला जाऊन बघतो तर 'आपला ब्राउझर सपोर्टेड नाही'. हा मेसेज लिहिणारा महाभाग मीच. आणि ब्राउझर होता अगदी ताजा क्रोम. पीसी जुना होता, इतकंच.

२०००च्या आसपास मराठी पेपरांच्या साइट बघितलेल्यांना हे दुखणं नवीन नाही. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा, आणि तो आपोआप दिसायचा फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. बाकीच्यांना अगम्य रोमन अक्षरांची खिचडी. पुढे युनिकोड आलं तर एक्सपीची सीडी शोधा, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन टिचकी मारा, तेव्हा कुठे चौकोनांची अक्षरं व्हायची. तेव्हा त्या साइटवाल्यांना मी मनसोक्त शिव्या घातल्यात. आता तेच पाप माझ्या हातून!

तर झालं काय होतं? मी फक्त वेबजीपीयू आहे का एवढंच विचारत होतो. ते क्रोममध्ये आलं मे २०२३ मध्ये. त्याआधीचं वेबजीएल २०११ चं आणि वेबजीएल २ हे २०१७ चं. पण पान वर्कशॉपच्या नेटवर्कवर साध्या एचटीटीपीवरून उघडत होतं आणि वेबजीपीयू फक्त सुरक्षित पानांनाच मिळतं. म्हणजे ग्राफिक्सचा प्रश्न यायच्या आधीच आमची दांडी गुल. सर्टिफिकेट बसवलं. आता वेबजीपीयू 'आहे' म्हणालं, पण अ‍ॅडाप्टर मागितला तर हातात शून्य. जुन्या ड्रायव्हरमधल्या चुका माहीत असल्याने ब्राउझर ते सरळ बंद ठेवतो. 'आहे' आणि 'चालतं' यात एवढा फरक.

मग वेबजीएल २ वर उतरायला गेलो तर तेही मिळेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं की एका कॅनव्हासकडून एका प्रकारचा कॉन्टेक्स्ट घेतला की तो कॅनव्हास दुसऱ्या प्रकारचा कधीच देत नाही. मी वेबजीपीयूचा आधीच घेऊन बसलो होतो! नवा कॅनव्हास केला, चित्र आलं. पण जॉब बैलगाडीसारखा फिरायला लागला, कारण ग्राफिक्स चिपचं सगळं काम बिचारा सीपीयू ओढत होता. 'वेग फारच कमी असेल तर देऊच नकोस' असं ब्राउझरला सांगायची सोय वेबजीएलमध्ये आहे. ती लावली आणि उतरलो शेवटच्या पायरीवर, साध्या टूडी कॅनव्हासवर नुसत्या रेषा.

मी खूश. काका मात्र स्क्रीनकडे बघत गप्प. मग म्हणाले, "हे होल थ्रू आहे का ब्लाइंड?"

घोटाळा तिथेच होता. टूडी कॅनव्हासला खोलीचा हिशोबच नसतो. मागच्या रेषा पुढच्यांइतक्याच ठळक, त्यामुळे बंद होलही आरपार दिसत होतं. "मी आरपार ड्रिल मारलं असतं ना रे. अख्खा लॉट रिजेक्ट, वर मटेरियलचे पैसे माझ्याच खिशातून."

आमच्या ऑफिसात 'फॉलबॅक ठेवायचा का' यावर मीटिंगा होतात आणि बहुतेक वेळा तो काढूनच टाकतात, कारण मीटिंगमधल्या प्रत्येकाकडे नवा लॅपटॉप असतो. मला हे पटत नाही. जुना पीसी ही चूक नव्हे, आणि तो वापरणारा माणूस आपल्याइतकंच, कधीकधी आपल्याहून जोखमीचं काम करत असतो. पण 'काहीतरी दिसतंय ना' एवढ्यावर समाधान मानणारा फॉलबॅक तर त्या मेसेजहून वाईट. मेसेज निदान खोटं तरी बोलत नव्हता.

म्हणून ते रेषांचं प्रकरण काढून टाकलं. आता मॉडेल चढवतानाच माझा लॅपटॉप वेगवेगळ्या कोनांतून चित्रं आणि मधून कापलेले सेक्शन काढून ठेवतो. जुन्या पीसीवर तीच साधी चित्रं दिसतात, आणि वर मोठ्या मराठी अक्षरांत 'इथे जॉब फिरवता येणार नाही, होलची खोली सेक्शनमध्ये बघा' असं लिहिलंय. काकांना उलट हेच आवडलं. "मला कुठे फिरवायचाय? मला माप बघायचंय."

एक राहिलंय. काकांच्या मुलाच्या पीसीवर वेबजीएल नीट चालतं, पण ग्राफिक्स ड्रायव्हर अडखळला की कॉन्टेक्स्ट मध्येच हरवतो आणि पान कोरं पडतं. हे पुढच्या शनिवारी, पाऊस नसेल तर.