आगगाडीचं वेड आणि एक आडोसा

माझ्या थोरल्या दिरांना आगगाड्यांचं वेड आहे. पुण्यात नोकरीला असताना कोथरूडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला गेले आणि वेड लागलं ते लागलंच. भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं हे संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी मुलांना घेऊन पाहिलंही असेल. निवृत्त होऊन भाऊजी गावी आले, ते सामानाआधी इंजिनांची खोकी घेऊन! वरची खोली गेलीच. प्लायवूडवर डोंगर, बोगदा, स्टेशन, आणि खऱ्याच्या ८७ पट लहान गाड्या. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलीमीटर. जाऊबाई म्हणतात, एका इंजिनाच्या पैशात नवा मिक्सर आला असता. असो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातली एक बाई पासबुक भरून घ्यायला आली होती. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. रुळावर काम करतानाच गाडीखाली गेला. अनुकंपेवर हिला नोकरी लागली, तीही गँगमध्येच. गावात अजून कोणी कोणी तिला "रेल्वेत ऑफिसात आहे" समजतात. वरून गाडीचा आवाज आला तशी म्हणाली, "ताई, बघू का जरा?"

भाऊजींची मालगाडी एका वळणावर रोज घसरायची. आठ दिवस ते पुस्तकं काढून बसले होते. हिने वाकून पाहिलं, रुळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, सांधा वर आलाय तुमचा. म्हणून डबा पडतोय." नखाने दाबून दाखवलं. गाडी गेली! भाऊजींनी तिला खुर्ची दिली, मला चहा टाकायला सांगितलं आणि तासभर तिला प्रश्न विचारत बसले.

मीही ऐकत होते. खरा रूळ मीटरला ६० किलो भरतो. उन्हाने लोखंड वाढतं हे आपण शाळेत शिकलो, पण तापमान तीस अंशांनी चढलं तर एक किलोमीटर मोकळा रूळ फूटभर लांब होईल, हे कुठे माहीत होतं? त्याला तसं वाढू द्यायचं नाही म्हणून स्लीपर आणि खडी घट्ट धरून ठेवतात. खडी सैल झाली तर रूळ वाकडा होतो. थंडीत उलट, आखडून तडा जातो. म्हणून रोज कोणीतरी चालत जाऊन रूळ बघायचा, निसटलेल्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या. आपण एसी डब्यात झोपलेलो असतो तेव्हा पावसाळ्याच्या रात्री कोणीतरी कंदील घेऊन चालत असतं.

खाली उतरताना जिन्यात ती हळूच मला म्हणाली, "काकांना काय सांगायचं, पण ताई, आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. जायचं कुठे? दोन्ही बाजूंना उघडं रान. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका."

मला त्या खेळाचा राग नाही, हे आधीच सांगते. आपण मुली भातुकली खेळलोच ना? तिच्यातही धूर नव्हता की खरकटं नव्हतं. खेळ तसाच असतो, आवडेल तेवढंच घेतो. पण भातुकली खेळलेल्या मुलीला पुढे खरी चूल गाठतेच. गाडी खेळलेल्या माणसाला गँगचं फावडं कधी हातात धरावं लागत नाही. मग त्याला वाटत राहतं की रेल्वे म्हणजे इंजिन, शिट्टी आणि वेळापत्रक. आपणही तेच करतो. साताऱ्याच्या सुरेखा यादवांनी १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, तेव्हा आमच्या महिला मंडळात पेढे वाटले होते. वाटायलाच हवेत. आशियातली पहिली महिला ट्रेन चालक आपल्या मातीतली! २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण त्या नोकरीला लागल्या तेव्हा इंजिनात शौचालय नसायचं, आणि आजही ते प्रत्येक इंजिनात नाही, यावर पेढे खाताना आमच्यापैकी एकीने तरी तोंड उघडलं का? मीही नाही उघडलं. आणि इंजिनातल्या बाईचा निदान फोटो तरी येतो. खडी ठोकणारीचा कोण काढणार?

बायकांना हे काम झेपत नाही, त्यांना ऑफिसात बसवा, असं काहीजण सुचवतात. मला पटत नाही. तिला काम झेपतंय, सांधा तिनेच ओळखला. तिला हवाय तो चार पत्र्यांचा आडोसा, पाण्याची टाकी आणि कपडे बदलायला खोली. गँगबरोबर हलवता येईल असं काही करणं इतकं अवघड आहे? लग्नाचे मांडव आपण एका दिवसात इकडून तिकडे नेतो.

मंडळातर्फे आम्ही निवेदन दिलंय. चौदा सह्या आहेत, पंधरावी भाऊजींची. तिची सही मुद्दाम घेतली नाही, उगाच त्रास नको. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत. भाऊजी म्हणाले, मीही येतो, आणि रुळाबद्दल जे काही बोलायचं ते आधी तिला विचारून लिहून घेतलंय त्यांनी.