चकाचक नको, स्वच्छ हवं

गेले तीन विकांत माझ्या नखांतलं ग्रीस निघालेलं नाही. सोमवारी ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधला माझ्या हातांकडे बघतो आणि विचारतो, "काय रे, अजून तेच?" हो, तेच. काकांची १९८६ची येझदी रोडकिंग. इंजिन पूर्ण उघडलंय आणि क्रँककेसचे दोन्ही भाग बाल्कनीत पेपरवर पसरलेत.

ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो. "कशाला घासत बसता साहेब, ब्लास्टिंगला टाका, वरून बफिंग मारा, आरसा होईल!" मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

येझदी टू-स्ट्रोक आहे. म्हणजे क्रँककेस हा नुसता डबा नाही, तो पंपाचं काम करतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे दोन भाग जिथे जुळतात ती कड सपाट आणि हवाबंद हवी. जुनं गॅस्केट काढताना स्क्रूड्रायव्हर घसरला आणि तिथे खोल ओरखडा पडला, की हवा आत शिरणार, मिश्रणात पेट्रोल कमी पडणार, पिस्टन तापणार आणि एक दिवस हायवेवर मागचं चाक जाम. हे सगळं एका ओरखड्यापायी!

ब्लास्टिंगचं दुखणं वेगळं. ते बारीक मणी बोल्टच्या आट्यांत, तेलाच्या भोकांत जाऊन बसतात आणि कितीही फुंकर मारा, सगळे निघत नाहीत. एका मित्राचं इंजिन असंच चांदीसारखं चमकत परत आलं. महिन्याभरात बेअरिंग खर्र खर्र बोलायला लागलं. बफिंगवाल्याचा हात जरा जास्त चालला तर केसवरचा इंजिन नंबर पुसट होतो, मग आरसी रिन्यू करताना आरटीओत काय सांगणार? बॅकअप न घेता फॉर्मॅट मारल्यासारखंच आहे हे.

आणि हो, कॉस्टिक सोडा चुकूनही नको. ॲल्युमिनियमला तो अक्षरशः खातो. फेस येतो, लोकांना वाटतं मळ निघतोय. निघतं ॲल्युमिनियम :)

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेल. जुने टूथब्रश. गॅस्केट थिनरने भिजवायचं आणि बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचं. शेवटी गरम साबणाचं पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. कडेवरून नख फिरवायचं, कुठे अडलं तर पुन्हा. केस चमकत नाही, जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखी राखाडी दिसते. ती कारखान्यातून निघाली तेव्हाही काही आरसा नव्हती. म्हैसूरचा तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला, आणि जोडीने तयार झालेले हे दोन भाग बिघडवले तर तशीच जोडी कुठून आणू?

परवाच्या रविवारी काका आले. चष्मा कपाळावर सरकवून केस उलटसुलट बघितली.

"अजून धुतली नाहीस होय?"

"धुतली की. तीन वेळा."

मग त्यांनी स्वतःच कडेवरून नख फिरवलं. एका जागी थांबले. काही न बोलता माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि पाटावर बसून खरवडायला लागले. चहा गार झाला.